कपाटातले मोबाइल बाहेर का येत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ई-कचऱ्यावरचा लेख वाचला. घराघरांत जुने मोबाइल, बंद पडलेले लॅपटॉप आणि चार्जरची भेंडोळी पडून असतात, आणि याचं कारण नागरिकांचा आळस, असा त्याचा एकूण सूर होता. भेंडोळी पडून असतात हे कबूल. आळसाचं काही पटलं नाही. मी मोबाइल आणि संगणक दुरुस्तीचं काम करते. माणसं आपली यंत्रं किती जपतात, कधी टाकतात आणि टाकायची ठरवूनही का टाकत नाहीत, हे माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत रोज ऐकायला मिळतं.

त्या खुर्चीतल्या माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. काच फुटली म्हणून फोन आणला असेल तर, ‘ताई, फोटो जाणार नाहीत ना?’ आणि तोच माणूस नवा फोन घेऊन जुना विकायला निघाला की, ‘ताई, फोटो खरंच गेले ना?’ पहिल्याचं उत्तर मी बिनदिक्कत देते. दुसऱ्याचं देते तेव्हा समोरच्याचा विश्वास बसत नाही. मी रीसेट करून दाखवते, फोन कोरा करकरीत होऊन ‘भाषा निवडा’ म्हणत उभा राहतो, तरी तो स्क्रीनकडे संशयानं बघत राहतो आणि शेवटी म्हणतो, ‘राहू दे, घरीच ठेवतो.’ झालं, फोन पुन्हा कपाटात.

पाहण्या करणाऱ्यांना लोक वेगळं कारण सांगतात, तेही मला माहीत आहे. ‘कधीतरी लागेल’ हे त्यातलं पहिलं. ते खोटं नाही. पण जरा बोलतं केलं की पुढचं बाहेर येतं. आईचे शेवटचे आवाजी निरोप त्यात आहेत, नवऱ्याशी झालेली भांडणं आहेत, दवाखान्याचे रिपोर्ट आहेत, बँकेचे मेसेज आहेत. एका मुलीनं तर मला सरळ सांगितलं, फोन विकून मिळणाऱ्या पैशांत मला रात्रीची झोप विकत घेता येणार नाही. ही माणसं आळशी नाहीत. त्यांना कुणीही खात्री दिलेली नाही, आणि जी दिली ती पटेल अशी दिली नाही.

ढीग किती मोठा आहे याबद्दल माझं दुमत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर’ या अहवालात २०२२ या एका वर्षातला जगाचा ई-कचरा ६ कोटी २० लाख टन दिला आहे. रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे फक्त २२.३ टक्क्यांची. बाकीचा कुठे जळतो, कुठे पुरला जातो, कुठे ॲसिडात बुडतो. घानामधलं अगबोग्बलोशी, चीनमधलं ग्वीयू ही नावं या धंद्यातल्या माणसांना पाठ असतात. तांबं काढण्यासाठी वायरी जाळायच्या आणि सोन्यासाठी यंत्रातले सर्किट बोर्ड ॲसिडात टाकायचे, हे तिथे वर्षानुवर्षं चाललं. वायरीवरचं प्लॅस्टिक जळताना डायॉक्सिन हे विष निघतं, जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं, जुन्या पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो, आणि हे सगळं शेवटी कुणाच्या तरी पोटात नाही तर छातीत जातं. त्याच २०२२ मध्ये ‘डब्ल्यू-ट्रिपल-ई फोरम’ या संकलन संस्थांच्या संघटनेनं त्या वर्षी ५३० कोटी मोबाइल वापरातून जातील असा अंदाज बांधला होता, आणि त्यातले बरेचसे घरातच पडून राहतील असंही म्हटलं होतं. म्हणजे प्रश्न खरा आहे. मला वाद घालायचा आहे तो दोष कुणाच्या माथी मारायचा यावर.

लोकांच्या भीतीला आधार आहे का? आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या सिमसन गारफिंकल आणि अभि शेलट या दोघांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू निघाल्या आणि व्यवस्थित पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्डांचे नंबर, खासगी पत्रव्यवहार, दवाखान्यांची माहिती होती. एक डिस्क तर एटीएम यंत्रातून निघालेली होती आणि तिच्यातली पैशांची माहिती पुसायची तसदी कुणी घेतली नव्हती. गंमत म्हणजे कित्येक डिस्क ‘फॉरमॅट’ मारलेल्या होत्या. फॉरमॅट मारलं की सगळं गेलं, असं तेव्हाही लोक समजत आणि आजही समजतात. प्रत्यक्षात साध्या फॉरमॅटनं फक्त कोणती फाइल कुठे आहे याची नोंद जाते. फाइल आहे तिथेच असते, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आमच्या धंद्यात चुकून पुसलेले फोटो परत काढून देण्याचं काम चालतं ते याच जोरावर. ज्या तंत्रानं मी एकाला त्याच्या मुलीचे फोटो परत काढून देते, त्याच तंत्रानं दुसरा कुणी तिसऱ्याचे काढू शकतो.

फोनच्या बाबतीत २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी अँड्रॉइडच्या २.३ ते ४.३ या आवृत्त्यांवरचे २१ जुने फोन तपासले. फॅक्टरी रीसेट करूनही त्यातून माहिती निघाली. अशा अपुऱ्या पुसल्या जाणाऱ्या फोनांची जगातली संख्या ५० कोटींपर्यंत असू शकते, असा त्यांचा अंदाज होता. तेव्हा ज्यांनी बातमी वाचली त्यांच्या मनात रीसेटवरचा अविश्वास जो बसला तो बसलाच.

मात्र त्यानंतर बरंच बदललं, आणि ते कुणी लोकांपर्यंत नीट पोचवलेलंच नाही. माझी खरी तक्रार ही आहे. नव्या फोनात माहिती साधी लिहिली जात नाही, ती कूटबद्ध करूनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात लिहिली जाते, आणि ती उलगडणारी किल्ली फोनच्या आतच एका वेगळ्या सुरक्षित जागी असते. रीसेट केलं की फोन फोटो एकेक करून पुसत बसत नाही, ती किल्लीच नष्ट करतो. मागे राहतो तो अर्थहीन आकड्यांचा चिखल. आयफोनमध्ये ही सोय २००९ च्या ३जीएस मॉडेलपासून येऊ लागली. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून, ज्या फोनांना झेपेल अशा नव्या फोनांना ती सक्तीची झाली आणि दहाव्या आवृत्तीपासून सरसकट. त्यामुळे अलीकडचा फोन असेल आणि तो नीट रीसेट केला असेल, तर घरगुती माणसानं आणखी काही करायची गरज नाही. हे एवढं एक वाक्य फोनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायला कंपन्यांना काय धाड भरली आहे, मला कळत नाही. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बरे छापता येतात!

‘नीट’ या शब्दात मात्र बरंच काही येतं. मेमरी कार्ड बहुतेक फोनांत कूटबद्ध होत नाही, आणि ते सिमकार्डाच्या ट्रेमध्ये तसंच राहून जातं. माझ्याकडे बदलून दिलेल्या फोनांच्या ट्रेमधून सर्वांत जास्त वेळा जी गोष्ट निघते ती हीच, आणि त्यावर फोनमध्ये नाहीत इतके फोटो असतात. दुसरं, रीसेट करण्याआधी गुगलचं किंवा ॲपलचं खातं फोनमधून काढावं लागतं. ते न काढता कुणी सेटिंगमध्ये न जाता बाहेरची बटणं दाबून फोन कोरा केला तर तो नव्या मालकाकडे जाऊन जुन्याचा पासवर्ड मागत बसतो. तिसरं, ज्या ॲपवर इतर खात्यांचे सहा आकडी कोड येतात ते आधी नव्या फोनवर हलवून घ्या. पुसून झाल्यावर रडत आलेल्यांना मी काही करू शकत नाही. जी किल्ली तुम्ही मोडायला सांगितली ती मी परत घडवू शकत नाही, आणि ही सोय असण्यातच तिचा सगळा अर्थ आहे.

खात्री नसली की माणसं मग साप साप म्हणून भुई धोपटतात. हातोडा, ड्रिल, पाण्याची बादली. फुटलेल्या स्क्रीनसह माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी अभिमानानं सांगितलं होतं, की जुन्या लॅपटॉपच्या डिस्कला मी घरीच तीन भोकं पाडली. डिस्क बघितली तर ती एसएसडी होती. तिच्या आत फिरणारी तबकडी नसते, एका छोट्या पट्टीवर चिपा बसवलेल्या असतात, आणि बाहेरचं खोकं पुष्कळदा अर्धं रिकामंच असतं. तिन्ही भोकं त्या रिकाम्या जागेतून आरपार गेली होती. चिपांना ओरखडाही नव्हता.

फोनवर हातोडा मारणं तर सरळ धोक्याचं. लिथियम बॅटरीच्या आत कागदाहून पातळ पडदे असतात; ते फाटून दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या की बॅटरी तापत जाते आणि मग तिला थांबवता येत नाही. फुगलेली बॅटरी कशी दिसते तेही सांगते, कारण लोक ती ओळखत नाहीत. फोनचा मागचा पत्रा एका कडेनं किंचित उचललेला दिसतो, किंवा स्क्रीनचा कोपरा चिकटपट्टीपासून सुटून त्यातून उजेड येतो. फोन टेबलावर उताणा ठेवला तर तो भिंगरीसारखा फिरतो. आत वायू भरलेला असतो. गळायला लागली असेल तर गोडसर, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येतो. असा फोन दाबून बसवायचा नाही, चार्जिंगला लावायचा नाही आणि कपाटात कपड्यांच्या घडीत तर मुळीच ठेवायचा नाही. धातूच्या डब्यात वाळू घालून त्यावर ठेवा आणि लवकरात लवकर कुणाकडे तरी द्या. खासगीपण जपण्यासाठी म्हणून जे फोन वर्षानुवर्षं गादीखाली झोपतात, त्यातले बरेच असे हळूहळू फुगत असतात.

आता आमच्या धंद्याबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हे पत्र आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून या जातीचं होईल. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लॅपटॉपमध्ये गुपचूप नोंद ठेवणारी सोय करून ते १६ दुरुस्ती केंद्रांत दिले. कमीत कमी सहा ठिकाणी कारागिरांनी मालकाच्या खासगी फायली उघडून बघितल्या, आणि दोन ठिकाणी त्या स्वतःच्या उपकरणावर उतरवून घेतल्या. वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, लाज वाटली. दुरुस्तीला दिलेला फोन हा कुणाच्या तरी घराची किल्ली असतो, आणि आमच्यातले काही जण ती वापरून आत डोकावतात.

‘पासवर्ड लिहून द्या’ असं आम्ही सांगतो त्याला एक कारण असतं. स्क्रीन बदलल्यावर टच सगळीकडे चालतो का, माइक, कॅमेरा, जवळ माणूस आल्याचं ओळखणारा सेन्सर चालतो का, हे बघायचं असतं. पण त्यासाठी तुमच्या गॅलरीत शिरावं लागत नाही. सॅमसंगनं २०२२ मध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणला, गुगलनं २०२३ च्या शेवटी पिक्सेल फोनांत ‘रिपेअर मोड’ दिला. तो सुरू केला की फोन कारागिरापुढे कोऱ्यासारखा वागतो आणि तुमचं सगळं आत कुलपात राहतं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी स्वतः हा मोड लावून द्यायला सांगते. दहातले नऊ म्हणतात, असं काही असतं हेच माहीत नव्हतं. ज्यांच्या फोनात ही सोय नाही त्यांनी पासवर्ड कागदावर लिहून देऊ नये, काम होईस्तोवर समोर बसावं. माझे व्यवसायबंधू मला शिव्या घालतील, घालोत.

इथपर्यंत बाजू सोपी होती, आता जरा अवघड. खासगीपण आणि चोरीपासून बचाव यासाठी लावलेली कुलपंच धडधाकट फोनांना भंगारात ढकलतात. आयफोनमधलं ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ २०१३ पासून आहे, अँड्रॉइडमधलं तसंच कुलूप २०१५ च्या सुमारास आलं. चोराला फोन निरुपयोगी व्हावा हा हेतू, आणि तो योग्यच. पण ज्या माणसानं फोन प्रेमानं भाचीला दिला आणि खातं काढायचं विसरला, ज्या कार्यालयानं नोकरी सोडून गेलेल्यांचे फोन एकगठ्ठा काढून टाकले, ज्या घरातला माणूसच गेला आणि त्याचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, त्यांचं काय? आमच्याकडे अशा फोनांना ‘लॉक पीस’ म्हणतात. स्क्रीन छान, बॅटरी ठणठणीत, बोर्डात काही दोष नाही, आणि तरी तो फोन म्हणून कामाचा नाही. मग त्याची स्क्रीन एकाला, कॅमेरा दुसऱ्याला, असे सुटे भाग होतात आणि उरलेला सांगाडा ढिगात जातो. मालकीचा पुरावा दाखवून कुलूप काढून मिळण्याची वाट कागदावर काही कंपन्यांनी ठेवली आहे, पण खरेदीची पावती जपून ठेवणारं माणूस मला अजून भेटायचं आहे.

सुटे भागही सुखानं बसत नाहीत. काही फोनांत स्क्रीनला, बॅटरीला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो बोर्डाशी जुळलेला असतो. दुसऱ्या तशाच अस्सल फोनची स्क्रीन लावली तरी फोन ‘अनोळखी भाग’ म्हणून कुरकुर करतो, किंवा एखादी सोय बंद करतो. कंपन्या म्हणतात सुरक्षेसाठी. चेहरा किंवा बोट ओळखणाऱ्या सेन्सरपुरतं मी ते मानायला तयार आहे. बॅटरीला कसली आली आहे गुप्तता? अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं २०२४ मध्ये कायदा करून भागांच्या अशा जोडणीवर बंधन आणलं, आणि ते काम खासगीपणाच्या नावाखाली अडून राहिलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आणि फक्त फोनच्या मागे का लागायचं? ज्यांत काही साठतं असं कुणाच्या मनातही येत नाही अशी यंत्रं घरोघरी आहेत. टीव्ही देऊन टाकताना त्यावर तुमचं खातं चालूच असतं. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले, कारण तिचे १ कोटी १० लाख टीव्ही लोक काय बघतात ते क्षणाक्षणाला, त्यांना न विचारता टिपून घेत होते. राउटरमध्ये वायफायचा पासवर्ड असतो, गाडीच्या पडद्यात तुमच्या फोनमधले सगळे संपर्क उतरलेले असतात. झेरॉक्स मशीनच्या आत हार्ड डिस्क असते हे तर ते वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. ॲफिनिटी हेल्थ प्लॅन नावाच्या विमा संस्थेनं भाड्याची यंत्रं डिस्क न पुसता परत केली म्हणून २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरवर पाणी सोडावं लागलं. यंत्रात होती रुग्णांची माहिती.

मोठ्यांचा हा हलगर्जीपणा आठवला की ‘नागरिकांचा आळस’ वाचून माझं डोकं फिरतं. मॉर्गन स्टॅन्ली या बड्या वित्तसंस्थेनं हजारो डिस्क आणि सर्व्हर निकाली काढण्याचं काम दिलं ते सामानाची हलवाहलव करणाऱ्या कंपनीला, जिला माहिती पुसण्याचा अनुभवच नव्हता. त्यातली उपकरणं पुढे इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली, ग्राहकांच्या माहितीसकट. २०२२ मध्ये तिला ३ कोटी ५० लाख डॉलर दंड झाला. आणि हे असं होतं म्हणून बाकीच्या संस्था दुसऱ्या टोकाला जातात: चालू, नव्यासारख्या डिस्क सरसकट श्रेडरमध्ये, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्रात घालतात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेची माहिती पुसण्याबाबतची मार्गदर्शक पुस्तिका २००६ पासून उपलब्ध आहे. कोणत्या माहितीला नुसतं पुसणं पुरेसं, कशाला त्याहून खोलवर आणि कशाला तोडणंच भाग आहे, हे तिच्यात समजावून सांगितलं आहे. पण ती वाचण्यापेक्षा यंत्र भरडणं सोपं, आणि भरडल्याचे फोटो अहवालात छान दिसतात.

कंपन्यांच्या हातचं आणखी एक हत्यार म्हणजे ‘आता अपडेट मिळणार नाहीत.’ १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. ज्या संगणकांना ११ वी आवृत्ती चालत नाही असे पुष्कळ संगणक माझ्याकडे येतात. कळफलक उत्तम, रॅम भरपूर, मालक खूश. अपडेट नसलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नका, हे मलाच त्यांना सांगावं लागतं, आणि ते खरंही आहे. म्हणजे खासगीपण जपायचं तर यंत्र टाका आणि यंत्र ठेवायचं तर खासगीपण सोडा. मी जमेल तिथे विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली घालून देते. काहींचं भागतं, काहींचं एखाद्या ठराविक सॉफ्टवेअरवाचून अडतं, ते नवा घेतात. ॲपलनं २०१७ च्या अखेरीस कबूल केलं होतं, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ती मुद्दाम कमी करते. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, हे तिचं स्पष्टीकरण तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. पण ते आधी सांगितलं असतं तर कित्येकांनी फोनऐवजी बॅटरी बदलली असती. ग्राहकांना सांगितलं नाही म्हणून फ्रान्समध्ये तिला अडीच कोटी युरो दंड झाला.

या सगळ्याची गाठ एकाच ठिकाणी मारलेली मला आजवर एकाच कायद्यात दिसली. युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटसाठी जे नियम लागू केले, त्यात सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत, अपडेट निदान पाच वर्षं मिळाले पाहिजेत, हे तर आहेच. पण त्याच नियमांत असंही आहे की माहिती मुळातच कूटबद्ध असावी आणि रीसेट केल्यावर किल्ली सुरक्षितपणे नष्ट व्हावी. टिकाऊपणाच्या नियमांत पुसण्याचं कलम का, असा प्रश्न तो वाचणाऱ्या वकिलाला पडेल. माझ्या टेबलासमोर बसलेल्याला पडणार नाही.

संकलनाच्या पेट्या ठेवण्याला माझा विरोध नाही. पण पेटी म्हणजे वर फट आणि आत अंधार. तिच्यात फोन टाकल्यावर तो कुणाच्या हाती जाणार, याचं उत्तर पेटी देत नाही. तिथे माणूस हवा, मालकाच्या डोळ्यांदेखत रीसेट हवं, आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा जो वेगळा क्रमांक असतो, त्याच्यासह पुसल्याची पावती हवी. डिस्क असेल तर तिच्या क्रमांकासह. एवढं केलं तर किती कपाटं रिकामी होतील याचा आकडा मी सांगू शकत नाही, पण ‘राहू दे, घरीच ठेवतो’ म्हणणारे माझ्यासमोर तरी कमी झाले आहेत, जेव्हापासून मी पावती द्यायला लागले. साध्या वहीचा कागद असतो तो. तारीख, क्रमांक, काय केलं ते आणि माझी सही.

शेवटी एक अडचण, जिच्याबद्दल लोक हमखास विचारतात: फोन चालूच होत नाही, मग पुसायचा कसा? पुष्कळदा फोन जिवंत असतो, मेलेली असते ती फक्त स्क्रीन किंवा बॅटरी. आमच्याकडे तपासणीपुरती म्हणून ठेवलेली स्क्रीन असते. मागचा पत्रा गरम करून उघडायचा, त्या स्क्रीनची पट्टी जोडायची, फोन सुरू करायचा, खातं काढायचं, रीसेट मारायचं आणि स्क्रीन परत काढून घ्यायची. फोन दुरुस्त न करताच फक्त पुसून मिळेल का, असं विचारायला लाजू नका. फारसं कुणी विचारत नाही इतकंच. बोर्डच गेला असेल तर हा उपाय चालत नाही. तेव्हा दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून आपल्या खात्यात जाऊन तो फोन उपकरणांच्या यादीतून काढून टाका आणि सिम व मेमरी कार्ड आठवणीनं काढून घ्या. कूटबद्ध नसलेला फार जुना फोन असेल, तर प्रक्रिया करणाऱ्यांना विचारा, बॅटरी वेगळी करून बोर्ड माझ्यासमोर श्रेडरमध्ये घालाल का. हो म्हणाले तर थांबून बघा. नाही म्हणाले तर फोन परत घेऊन या.

कळावे,
आपली नम्र,
एक दुरुस्ती कारागीर